छोटी एसयूव्ही घेण्याआधी घराची चढण मोजा

नमस्कार. आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत कुठे चूक असेल तर ती आपल्या लगेच लक्षात येईल. आपण गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहता. आपण आणि आपली पत्नी दोघेही शिक्षक, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले, आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या आई असे पाच जणांचे घर. शाळा ९ किलोमीटरवर, महिन्यातून दोन वेळा दवाखाना आणि बाजारहाटासाठी चिपळूण, आणि वर्षातून दोन वेळा कुंभार्ली घाटाने पुणे. डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंतचे शेवटचे दीडशे मीटर म्हणजे जांभ्याची कच्ची चढण, आणि तिथे सध्याची हॅचबॅक पावसाळ्यात पोटाला घासते. म्हणून आपण चार मीटरच्या आतली एसयूव्ही घेण्याचे ठरवले आहे. यादीत ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट आणि एक्सयूव्ही ३एक्सओ या गाड्या आहेत. डिझेल की पेट्रोल, गिअरची की ऑटोमॅटिक, आणि २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर) पुरेसा आहे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. शिवाय मेहुण्यांची पुण्यातली २०२१ची डिझेल गाडी बऱ्यापैकी स्वस्तात मिळते आहे, तिचे काय करावे, हा चौथा.

रत्नागिरीजवळ माझे छोटे गॅरेज आहे आणि २७ वर्षे मी गाड्यांच्या वरच्या भागापेक्षा खालचा भाग अधिक पाहिला आहे. त्यामुळे माझे मत खालून वर जाते, हे आधीच सांगून ठेवतो. यादीतल्या चारही गाड्या आपल्या कामाला येतील, एकही टाकाऊ नाही. त्यामुळे चारांतली कोणती हा प्रश्न तितकासा अवघड नाही. अवघड आहे ते हे की आपली गाडी रोज थोडी चालणार आहे, पुष्कळ उभी राहणार आहे, आणि जिथे उभी राहणार आहे तिथे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा आहे. किनारपट्टीवरची गाडी धावून झिजते त्याहून अधिक उभी राहून झिजते. गाडीची निवड या वस्तुस्थितीपासून सुरू करावी, वर्षातून दोनदा होणाऱ्या पुण्याच्या प्रवासापासून करू नये.

आधी चढणीबद्दल लिहितो, कारण विचार तिथूनच सुरू झाला आहे. ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे चारही गाड्यांचे साधारण १९८ ते २०८ मिलिमीटरच्या दरम्यान आहेत. त्या दहा मिलिमीटरवर निर्णय घेऊ नका. पहिली गोष्ट, तो आकडा रिकाम्या गाडीचा आहे की पाच माणसे आणि सामान भरलेल्या गाडीचा, हे पत्रकात बहुधा स्पष्ट नसते, आणि भरलेली गाडी मागच्या बाजूने चांगलीच बसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चढणीवर गाडी कुठे घासते हे नीट पाहा. चढण जिथे सुरू होते तिथे पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासत असेल, तर प्रश्न पुढच्या चाकासमोर बंपर किती बाहेर आला आहे याचा आहे. चढण संपून खळ्यात गाडी आडवी होते तिथे मधले पोट टेकत असेल, तर प्रश्न दोन चाकांमधल्या अंतराचा आहे, आणि त्यासाठी पोट टेकते तिथे केलेली २० रुपयांच्या खडूची खूण गाडीच्या पत्रकापेक्षा उपयोगी पडते. सध्याच्या गाडीखाली वाकून घासल्याच्या खुणा कुठे आहेत ते पाहिले, तर नव्या गाडीकडून काय हवे आहे ते निम्मे कळेल. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी काहींचा प्रश्न चढणीच्या तळाशी दोन घमेली खडी आणि एक चिरा टाकून सुटला होता. आपला सुटेलच असे म्हणत नाही. पण बारा लाखांच्या खर्चाआधी हा हजार रुपयांचा खर्च करून पाहायला हरकत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. उंच गाडी म्हणजे चढणीवर न घसरणारी गाडी नव्हे. आपल्या यादीतील चारही गाड्या क्रॉसओव्हर आहेत, म्हणजे मोटारीच्याच सांगाड्यावर उंची वाढवलेल्या आणि फक्त पुढच्या चाकांना जोर असलेल्या. मारुतीची फ्राँक्स ही तर सरळ बलेनोच्या सांगाड्यावर उभी आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरले की २०८ मिलिमीटर उंचीची गाडीही तितकीच घसरते, कारण चढताना वजन मागे जाते आणि जोर असलेली पुढची चाके हलकी होतात. अशा वेळी गाडी वळवून उलटी, म्हणजे मागे घेत, चढवली तर वजन ओढणाऱ्या चाकांवर येते आणि पुष्कळदा ती निमूटपणे चढते. हा प्रकार दिसायला विचित्र आहे, शेजारी हसतात, पण माझ्या आयुष्यात अनेक घरांचे पावसाळे यावर निभावले आहेत. चारही चाकांना जोर हवा असेल तर चार मीटरच्या आत जिम्नी आणि तीन दारांची थार या दोनच गाड्या सहज सुचतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आईंना रोज त्यात चढवणे मला पटत नाही. आपल्या दीडशे मीटरसाठी शेवाळ खरवडणारा एक माणूस आणि आडव्या चऱ्या पाडलेला काँक्रीटचा दोन पट्ट्यांचा रस्ता हा जास्त शहाणा उपाय आहे. वाडीत सगळ्यांनी मिळून केला तर तो फार महागही पडत नाही.

जेटीवरच्या उताराचाही विचार करा. आपण दापोलीला जायला धोपावे-दाभोळ आणि रत्नागिरीला यायला तवसाळ-जयगड फेरी वापरत असणार. ओहोटीच्या वेळी जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन तीव्र होतो आणि लांब नाकाची गाडी तिथेच खरवडते. शक्य झाले तर चाचणीची गाडी अशाच एका तीव्र उतारावर न्यावी. विक्रेता सुरुवातीला आढेवेढे घेईल. तरीही चाचणी घरच्या चढणीवर, पाचही जणांना बसवून घेईन, असे ठाम सांगा. ज्याला गाडी विकायची आहे तो येतो.

आता इंधनाविषयी. आपल्या आकड्यांवरून मी ढोबळ हिशेब केला. रोजचे १८ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, सुट्ट्या वजा जाता वर्षाचे साडेचार हजार. चिपळूणच्या फेऱ्यांचे दोन हजारांहून थोडे अधिक, पुण्याचे हजार-अकराशे, आणि लग्नकार्ये, गणपती, देवळे धरून आणखी हजार. म्हणजे वर्षाला ९ हजार किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल गाडीने लिटरला १५ आणि डिझेलने १९ किलोमीटर दिले, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च अनुक्रमे ६३ हजार आणि साडेत्रेचाळीस हजार येतो. वर्षाला १९ हजारांच्या आसपास वाचतात. त्याच दर्जाच्या डिझेल गाडीची किंमत आणि महाराष्ट्रातला डिझेलवरचा जास्तीचा वाहनकर मिळून सव्वा लाखाचा फरक धरला, तर तो भरून निघायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आपले आकडे वेगळे असतील तर निकालही बदलेल. वर्षाला १८-२० हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मी याच्या उलट सल्ला देतो.

पण पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी मी डिझेल नको म्हणेन, आणि त्याचे कारण शाळेचे ते ९ किलोमीटर आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा गाळणीसारखा भाग आला, ज्याला आपण डीपीएफ म्हणतो. त्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन चांगले तापलेले राहून गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. गुहागरच्या वळणांच्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, वीस-पंचवीस मिनिटांत शाळा येते आणि इंजिन बंद होते. काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. काही दिवसांनी पॅनेलवर दिवा लागतो, काही गाड्यांत इंजिनच्या तेलात डिझेल मिसळून तेलाची पातळी वाढते. माझ्याकडे अशाच एका शिक्षिकेची गाडी दोन वर्षांत चार वेळा आली. गाडी ज्या शोरूमने दिली त्यांनी विकताना एकही प्रश्न विचारला नव्हता की बाई, आपण रोज किती चालवता. शेवटी बाईंनी दर रविवारी गाडी महामार्गावर तासभर पळवून आणण्याचा नेम धरला, म्हणजे वाचवलेले डिझेल तिथे जाळले. हा दोष गाडीचा नव्हता, गाडी आणि वापर यांच्या जोडीचा होता.

मग पेट्रोल कोणते. ब्रेझात १४६२ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन आहे, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नाही. नेक्सॉन आणि ३एक्सओमध्ये १.२ लिटरचे टर्बो आहे. सोनेटमध्ये १.२चे साधे आणि १ लिटरचे टर्बो असे दोन पर्याय आहेत. कुंभार्लीच्या चढणीवर पाच माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह १.२चे साधे इंजिन धापा टाकते. ते चढत नाही असे नाही, पण मागच्या ट्रकला पुढे काढताना जीव वर-खाली होतो. टर्बो तिथे खुशीत असतो, मात्र टर्बोला तेल वेळेवर आणि सांगितलेल्याच प्रतीचे लागते, आणि तासभर घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवण्याची सवय लागते. वर्षातून एकदाच सर्व्हिसिंग करणाऱ्या, मध्ये कधी बॉनेट न उघडणाऱ्या घराला मी साधे, थोड्या मोठ्या क्षमतेचे इंजिन सुचवतो. आपण कोणत्या प्रकारचे घर आहात ते आपल्यालाच ठाऊक.

इथे कराचा एक भाग समजून घ्यावा लागेल, कारण त्याने किमतींचा क्रम बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत असूनही इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे ती वरच्या गटात जाते, आणि नेक्सॉन, सोनेट व ३एक्सओच्या पेट्रोल आवृत्त्या खालच्या गटात राहतात. जुन्या लेखांतली किमतींची तुलना त्यामुळे आता उपयोगाची नाही. ताजे दरपत्रक घ्या, आणि त्यात विमा आणि ‘हाताळणी शुल्क’ यांसारख्या ओळी वेगळ्या मागून घ्या.

सीएनजीबद्दल आपण विचारले नाही, तरी कुणीतरी आपल्याला सुचवणारच, म्हणून दोन ओळी. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, ती झाली नाही तर पंपावर गॅस मिळत नाही, चढणीवर जोर कमी पडतो, आणि गणपतीच्या दिवसांत महामार्गावरच्या पंपांची रांग पाहून माणूस मनाने खचतो. आपल्या वापराला मला त्यात फायदा दिसत नाही. विजेवरची गाडी मात्र खरोखर आपल्या रोजच्या वापराला शोभण्यासारखी आहे. घर स्वतःचे आहे, रोजचे अंतर थोडे आहे. अडचण इतकीच की ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि आपल्या घरी ही एकच गाडी राहणार आहे. दुसरी गाडी असती तर मी वेगळे लिहिले असते.

ऑटोमॅटिकचा प्रश्न चढणीशीच बांधलेला आहे. एएमटी प्रकार हा मुळात साधाच गिअरबॉक्स असतो, त्याचा क्लच यंत्र दाबते. तीव्र चढणीवर थांबून पुन्हा निघताना तो क्षणभर गोंधळतो, गाडी थोडी मागे येते, आणि आपण घाबरून पाय अर्धवट दाबून धरला की क्लच तापतो. हिल होल्ड, म्हणजे चढणीवर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय, असेल तर मागे येणे बरेच थांबते, तापणे थांबत नाही. दोन क्लचचा प्रकार रस्त्यावर सुंदर चालतो, पण कोरडे क्लच असलेले बॉक्स कासवगतीने चढणाऱ्या गर्दीत तापतात. चढणीवर रोज चढायचे आणि तरी ऑटोमॅटिक हवे असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचे, म्हणजे क्लचऐवजी तेलामार्फत जोर पोचवणारे, घ्या. ते ब्रेझात आणि ३एक्सओच्या टर्बोत मिळते. पेट्रोल थोडे अधिक पिते, पण चढणीवर हळुवार सरकते आणि सहसा कुरकुर करत नाही. आपली पत्नीही गाडी चालवणार असे आपण लिहिले आहे. ज्यांना घरच्या चढणीवर हाफ क्लचची भीती वाटते त्यांनी चाचणी स्वतः घ्यावी, मागच्या सीटवर बसून मत देऊ नये. घाट उतरताना ऑटोमॅटिकमध्ये खालचा गिअर हाताने धरता येतो का, तेही याच वेळी पाहून घ्या. कुंभार्ली उतरून शिरगावला थांबलेल्या गाड्यांच्या चाकांतून येणारा जळका वास हा बहुधा ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचा असतो.

आईंसाठी मात्र मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. उंच गाडी म्हणजे गुडघ्यांना सोयीची, असे सरसकट नसते. सीट मांडीच्या उंचीवर असेल तर सरकून बसता येते, त्याहून वर असेल तर चढावे लागते, आणि चढणे हेच गुडघ्याला नको असते. त्यातही दाराच्या खालच्या पट्टीची उंची आणि रुंदी पाहा, कारण पाय आत घेताना तीच आडवी येते, आणि पावसात चिखलाने माखलेली असल्यामुळे लुगड्याला लागते. आईंना पुढच्या सीटवरही आणि मागच्या सीटवरही बसवून, उतरवून, पुन्हा बसवून पाहा. दार किती उघडते तेही पाहा, विशेषतः घरी जिथे गाडी लावता त्या गडग्याच्या बाजूला. या वर्गातल्या गाड्यांची रुंदी साधारण पावणेदोन मीटरच्या पुढे जाते आणि आरसे धरून आणखी वाढते. बेड्याची (फाटकाची) आणि शेडची रुंदी टेपने मोजून तो आकडा खिशात ठेवा.

मागच्या सीटचा हिशेबही आधी करावा. चार वर्षांच्या मुलासाठी लहान मुलांची आसनपेटी लागणार. ती सीटच्या सांध्यातल्या आयसोफिक्स कड्यांना अडकते, आणि अडकल्यावर मागे उरलेल्या जागेत नऊ वर्षांचे मूल आणि एक मोठे माणूस कसेबसे बसते. पेटी सोबत नेऊन शोरूममध्ये प्रत्यक्ष बसवून पाहा. मधल्या जागेला तीन ठिकाणी धरणारा पट्टा आहे का, डोके टेकायला उशी आहे का, हे पत्रकात नसले तर हाताने तपासा. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत गाडीची पुढून ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक घेतली जाते. त्यात नेक्सॉन आणि ३एक्सओ यांना पाच तारे मिळालेले आहेत. तारे पाहावेत, पण त्याबरोबर आपण घेणार त्या आवृत्तीत सहा एअरबॅग आणि गाडी घसरू लागली की सावरणारी ईएससी यंत्रणा आहे ना, तेही पाहावे. पावसाळ्यात परशुराम घाटाच्या वळणांवर ईएससीने जे वाचते ते एअरबॅगपर्यंत जातच नाही.

त्यासाठी पैसे कुठून काढायचे, तर सनरूफमधून. माझे हे मत अनेकांना आवडत नाही. पण सनरूफच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, आणि आंब्याखाली किंवा फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पालापाचोळ्याने तुंबतात. जुलैमध्ये छताच्या आतल्या कापडाला पिवळे डाग घेऊन आलेल्या गाड्या दरवर्षी माझ्याकडे असतात. वरची आवृत्ती, मोठी १७ इंची अलॉय चाके आणि सनरूफ यांऐवजी मधली आवृत्ती, १६ इंची चाके आणि पूर्ण सुरक्षा हा आपल्यासाठी चांगला सौदा आहे. १६ इंची टायरची भिंत जाड असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता कमी, आणि तो टायर चिपळूणमध्ये त्या दिवशी मिळतो. स्टेपनी पूर्ण मापाची आहे, छोटी आहे, की फक्त पंक्चरची बाटली आहे, हे विचारा. जांभ्याच्या धारेने फाटलेला टायर बाटलीने शिवला जात नाही.

सामानाची जागा आकड्यांत ब्रेझात ३२८, ३एक्सओमध्ये ३६४, नेक्सॉनमध्ये ३८२ आणि सोनेटमध्ये ३८५ लिटर आहे. प्रत्यक्षात आंब्याची पेटी आडवी बसते का आणि मागचे दार उघडल्यावर काठ किती उंच आहे, यावर पुण्याच्या बहिणीकडे किती पेट्या पोचतील ते ठरते. छतावरच्या पट्ट्या बऱ्याच आवृत्त्यांत शोभेच्या असतात, त्यांना दोरी बांधण्याआधी विचारून घ्या.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे गाडीच्या पोटाकडे येतो. समुद्राजवळच्या गाडीत गंज आधी दिसत नाही, तो सायलेन्सरच्या सांध्यांत, ब्रेकच्या नळ्यांत, पेट्रोल भरण्याच्या नळीच्या गळ्याशी आणि मागच्या आडव्या दांड्याच्या टोकांत बसतो. तीन-चार वर्षे काही होत नाही, आणि मग एकदम ब्रेकची नळी बदलायची वेळ येते. शोरूममध्ये जाड काळा लेप मारून देतात, तो मारू द्या, पण दारांच्या आणि पट्ट्यांच्या खालची पाणी निघून जाण्याची भोके त्यात बुजत नाहीत ना ते स्वतः पाहा. बुजलेल्या भोकांत अडकलेले खारे पाणी लेप नसलेल्या गाडीपेक्षा लवकर पत्रा खाते. त्याशिवाय मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मेणासारखा तेलकट फवारा आतल्या पोकळीत मारतो. फेरीतून उतरलात की पुढच्या दोन दिवसांत खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. आणि गाडी समुद्राच्या वाळूवर नेऊ नका. दरवर्षी भरतीत अडकलेल्या पर्यटकांच्या गाड्या दोरीने ओढताना गावकरी दिसतात, त्या गाड्यांचा पुढचा प्रवास माझ्यासारख्यांच्या दारात संपतो.

उभ्या गाडीची काळजी वेगळी घ्यावी लागते. पावसात हँडब्रेक ओढून चार दिवस गाडी उभी राहिली की मागच्या ड्रममध्ये लायनिंग चिकटते आणि सकाळी चाक फिरत नाही. सपाट जागी असेल तर गिअर टाकावा, चाकाखाली ओंडका द्यावा आणि हँडब्रेक सोडावा. चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिकचे आवरण घालू नका, त्याखाली सीटवर बुरशी धरते. उघड्या बाजूंची पत्र्याची शेड पुरेशी आहे. मात्र ती माडाखाली नको, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, त्यांना अजून कुणीच पुरता उपाय काढलेला नाही. मी जाळी लावतो आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून पाहतो. विम्यात इंजिन पाण्यात बुडाल्याचे संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांत ज्यांनी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहिली त्यांची इंजिने गेली, आणि ज्यांनी हात न लावता ओढून आणल्या त्यांच्या बऱ्याचशा वाचल्या. आपल्या चिपळूणच्या फेऱ्या पावसाळ्यातही होणार, म्हणून हे लिहिले.

सर्व्हिस सेंटर कुणाचे किती जवळ आहे, यावर मी सहसा जास्त भर देतो. आपल्यासाठी ते चिपळूण किंवा रत्नागिरी. यादीतल्या कंपन्यांपैकी ज्या कंपनीचे वर्कशॉप चिपळुणात आहे आणि जिथे अपघातानंतर पत्र्याचे कामही होते, तिला झुकते माप द्या. बंपर आणि दिव्याची काच किती दिवसांत मिळते, हे तिथल्या मालकाला नव्हे, बाहेर वाट पाहत बसलेल्या ग्राहकाला विचारा.

एवढे सगळे धरून, आपल्या जागी मी असतो तर मधल्या आवृत्तीची पेट्रोल गाडी घेतली असती. पत्नीला चढणीवर ऑटोमॅटिक हवे असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची ब्रेझा किंवा ३एक्सओ, नको असेल तर गिअरची नेक्सॉन किंवा ३एक्सओ. ब्रेझाचे इंजिन साधे आणि दीर्घायुषी, पण कर जास्त आणि डिकी लहान. आईंचे बसणे ज्या गाडीत सोपे ठरेल ती माझ्या क्रमाला ओलांडून पुढे जाईल, त्यात वाद नाही.

मेहुण्यांच्या गाडीबद्दल अखेरीस. नातलगाची गाडी असल्याने इतिहास खरा कळेल ही तिची मोठी जमेची बाजू आहे, आणि पुण्याच्या कोरड्या हवेत पत्रा बहुधा चांगला असेल. पण ती डिझेल आहे आणि चार वर्षे शहराच्या वाहतुकीत चालली आहे, म्हणजे डीपीएफवर आधीच भार असणार, आणि आपल्याकडे आल्यावर त्याला विसावा मिळणार नाही. किंमत कितीही कमी वाटली तरी आधी ती गाडी चिपळूणला एखाद्या जाणत्या मेकॅनिककडे नेऊन डीपीएफमध्ये किती काजळी आहे ते यंत्र लावून वाचून घ्या. इंजिनच्या तेलाची कांडी काढून पाहा. तेल वरच्या खुणेच्या पुढे गेले असेल किंवा त्याला डिझेलचा वास येत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. दोन्ही बरे निघाले आणि मेहुणे खरोखर मायेने किंमत लावत असतील, तर दर आठवड्याला गाडी चिपळूणपर्यंत सलग पळवणे आपल्याला जमेल का, एवढे घरात बसून ठरवा. सध्या महिन्यातून दोनदाच जाता, हे मला आपल्याच प्रश्नावरून दिसते आहे.